पाण्यानं काढलेला किल्ला

पडेगावच्या थांब्यावर मी रोज खुलताबादच्या बसची वाट बघतो. तिथंच लिंबाखाली एक वयस्क गृहस्थ स्टूल टाकून जलरंगात दौलताबादचा डोंगर आणि त्यावरचा किल्ला काढत बसतात. किल्ला तोच, कागद रोज नवा. नाव मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नाही. बँकेच्या रांगेत उभ्या माणसाचा असतो तसा चेहरा. कळायचं ते डोंगरावरून. लेक माहेरी आली तेव्हा भर उन्हाळ्यात त्यांनी डोंगर हिरवागार केला.

"काका, एवढं हिरवं कुठंय?"

"घरी हाय," ते म्हणाले.

पुढं बायकोला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा त्यांच्या कागदावरचं आभाळ इतकं काळं झालं की मी नकळत वर बघितलं.

मग बरेच दिवस ते दिसलेच नाहीत. परवा आले ते डोक्यावरचे केस काढून. ते ब्रश पाण्यात बुडवून कागदावर फिरवत होते. कागदावर ओला किल्ला चमकत होता. रंगांची डबी बंदच होती.

"काका, रंग घ्यायचा राहिला."

"राहिला नाय," ते म्हणाले. "काढल्याबिगर राहवंना, अन् काढलेला बघवंना."

उन्हानं कागद वाळत चालला. आधी पायथा गेला, मग तट गेला. माथा तेवढा ओला राहिला. तो वाळेपर्यंत आम्ही दोघं बघत बसलो.

मधे माझी बस आली आणि गेली.