टायर तात्यांचे, आळ मेहुण्यावर

"टाकीत सेन्सर बसवायचा, पन ड्रायव्हरला पत्ता लागू द्यायचा न्हाय," तात्या मला सांगत होते. ड्रायव्हर त्यांच्या शेजारीच उभा होता.

कोल्हापुरात उद्यमनगरला माझं गाड्यांच्या मीटरचं दुकान आहे. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला, एका कंपनीत काही वर्षं काढली आणि मग स्वतःचं टाकलं. स्पीडोमीटर, डिझेल गेज, टेंपरेचर गेज, डॅशबोर्डवर जे जे काटे हलतात ते माझ्याकडे येतात. काट्यांबरोबर गाडीचे मालकही येतात. कामाचा अवघड भाग तो.

तात्या कोडोलीचे. थोडी शेती, चार म्हशी आणि एक ट्रक. ड्रायव्हर सर्जेराव म्हणजे त्यांचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, जवळच्याच पारगावचा. दोघं एकाच केबिनमध्ये बसून आले होते आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. जे काय बोलायचं ते माझ्यामार्फत.

"म्याडम, पावण्यांना विचारा, डिझेल कुठं जातंय."

"म्याडम, दाजींना सांगा, इंजनात जातंय."

भांडण अ‍ॅव्हरेजचं होतं. एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, ते अ‍ॅव्हरेज. ट्रकमालकाचा जीव त्यात अडकलेला असतो. हिशेब सोपा आहे. टाकी गच्च भरायची, गाडी फिरवायची, परत गच्च भरायची. जेवढं डिझेल बसलं त्यानं मीटरवरच्या किलोमीटरला भागायचं. तात्यांच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज पाच होतं, ते सव्वाचारवर आलं होतं. रस्ता तोच, माल तोच, ड्रायव्हर तोच. म्हणजे ड्रायव्हर डिझेल विकतोय. आपल्याकडे यापुढे कुणी विचार करत नाही.

तात्यांनी टाकीला कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. अ‍ॅव्हरेज काही वाढलं नाही. मग मेहुण्यानं डुप्लिकेट किल्ली केली, असं ठरलं. पुढं पुण्याच्या वाटेवर जादा स्पीडचं चलन आलं. सर्जेराव शपथेवर सांगत होता की काटा ऐंशीच्या आतच होता. तात्यांच्या मते डिझेल विकण्यात वेळ गेला म्हणून तो गाडी पळवत होता. हे सगळं त्यांनी घरी जेवताना बोलून दाखवलं. सुमनवहिनी, म्हणजे तात्यांची बायको, भावाला चोर म्हटलेलं ऐकून ताटावरून उठल्या आणि पारगावला माहेरी निघून गेल्या. तेव्हापासून म्हशींची धार तात्या काढत होते. तो रागही सर्जेरावावरच.

सर्जेराव खाली बघून सगळं ऐकत होता. "पंपावर गेलो की पोरं विचारत्यात, आज किती काढलं," एवढंच तो म्हणाला. मला तात्यांचा राग आला. पण गिऱ्हाईक होतं, म्हणून मी टाकी बघायला बाहेर गेले.

टाकी बघायची राहूनच गेली. पुढच्या मडगार्ड आणि टायरच्या मधल्या फटीत माझी बोटंसुद्धा जाईनात.

"टायर बदललेत?"

"मंग!" तात्यांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "दसऱ्याला. एक मोठी गाडी भंगारात निघालती, तिचं टायर चाकाच्या डिस्कसकट उचललं. पूजेला आमची गाडी अशी उंच उभी ऱ्हायली, सगळी गल्ली बघाय आलती."

"आणि अ‍ॅव्हरेज कधीपासून पडलं?"

"दसऱ्यापास्नंच. पन मीटरचा आनी टायरचा काय संबंध?"

संबंध सांगते. गाडी किती अंतर गेली हे मीटरला दिसत नाही. गिअरबॉक्सवर एक सेन्सर असतो, तो फक्त फेरे मोजतो आणि मीटरला कळवतो. इतके फेरे झाले की एक किलोमीटर, असं मीटरला कारखान्यात शिकवलेलं असतं. ते गणित मूळ टायरचं. टायर मोठा घातला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते, पण मीटर जुन्याच मापानं मोजत राहतं. लहान पोरानं आणि उंच माणसानं पावलं सारखीच टाकली तरी उंच माणूस पुढं जातो, तसं. मग मीटरवर किलोमीटर कमी पडतात आणि अ‍ॅव्हरेज घसरलेलं दिसतं. स्पीडही कमी दिसतो. चलन आलं ते त्यामुळं.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमी त्याच्याच बाजूच्या दिसताय."

गाडीत कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, भरलेलं होतं, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पोचवायचं होतं. म्हटलं, चला, मीही येते. हायवेला लागल्यावर तात्यांना खिडकीशी बसवलं. रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड त्यांनी मोजायचे, मीटर मी बघायचं. दहा दगड गेले तेव्हा मीटर सव्वानऊच सरकलं होतं.

"दगड कुनी मोजून बसवल्यात?" तात्या म्हणाले.

मी मोबाईलवर जीपीएसचा स्पीड लावून त्यांच्या हातात दिला. काटा पन्नासवर, मोबाईलवर चोपन्न. तात्यांनी मोबाईल हलवून बघितला, मग स्वतःचा काढला. त्यावरही चोपन्न. सर्जेराव सरळ रस्त्याकडं बघून गाडी चालवत होता.

कंपनीच्या गेटवर माल उतरायच्या आधीच मी माप घेतलं. भरल्या गाडीचा टायर वजनानं थोडा दबतो, आणि ही गाडी बहुतेक भरलेलीच फिरते. टायरवर आणि खाली काँक्रीटवर खडूनं खूण केली, चाकाचा एक पूर्ण फेरा करवला, परत खूण केली आणि मधलं अंतर टेपनं मोजलं. मीटर जुन्या पद्धतीचं, आतलं गणित बदलता येत नाही. म्हणून सेन्सर आणि मीटर यांच्या मधल्या वायरीत बरोबर आणलेली एक छोटी डबी जोडली. नवीन मापाप्रमाणं फेरे वाढवून मीटरला सांगणं, एवढंच तिचं काम.

"मागचं हुकल्यालं किलोमीटर बी भरून टाका की," तात्या म्हणाले.

"तो गुन्हा आहे. आणि हे टायरही गाडीच्या कागदावर नाहीत. आरटीओनं अडवलं तर माझ्याकडं येऊ नका."

येताना गाडी रिकामी होती. दगड आणि मीटर बरोबर चालले. तात्यांनी दगड मनातल्या मनात मोजले. गोकुळ शिरगावच्या अलीकडं त्यांनी घसा खाकरला.

"म्हंजे, अ‍ॅव्हरेज परत पाच येनार?"

"साडेचारच्या थोडं वर येईल. बाकीचं तुमचे जड टायर खातात."

"बरं." मग गोकुळ शिरगाव मागं पडल्यावर, "म्याडम, पावण्यांना विचारा, च्या घ्यायचा का."

"दाजींना सांगा, न्हाय," सर्जेराव म्हणाला.

मला हसूही येईना. मी सर्जेरावाच्या जागी असते तर गाडी तिथंच सोडून उतरले असते.

दुकानात आल्यावर तात्यांनी फोन लावला आणि माझ्याच हातात दिला. "आमच्या मंडळींस्नी तुमीच सांगा. माझं न्हाय पटायचं." असलं काम मी करत नाही. पण फोन लागला होता, स्पीकरही चालू होता. मी सुमनवहिनींना थोडक्यात सांगितलं की डिझेल चोरीला गेलेलं नाही, मीटर कमी मोजत होतं, टायर बदलल्यामुळं.

"टायर कुनी बदललं?"

"तात्यांनी."

"मंग त्यांना म्हनावं, न्यायला या. पर गाडी घिऊन न्हाय. कोडोलीपास्नं पारगावापतोर चालत या. किती किलोमीटर हाय ते नीट कळू दे."

तात्यांनी फोन खिशात टाकला आणि निघून गेले. पैसे दुसऱ्या दिवशी सर्जेराव घेऊन आला. हकीकत त्यानंच सांगितली. तात्या खरंच चालत निघाले होते. निम्म्या वाटेत सर्जेरावानं ट्रक आडवा लावला आणि म्हणाला, बसा दाजी. तात्या बसले नाहीत. "तुमच्या भैनीनं विचारलं तर काय सांगू?" म्हणाले, आणि रस्त्यातच हात जोडले. सर्जेराव हे सांगताना दुसरीकडं बघत होता.

निघताना त्यानं केबिनमध्ये चढून मोबाईल काढला आणि डिझेलच्या काट्याचा फोटो घेतला. आता हे कशाला, मी विचारलं.

"सवय लागलीया, म्याडम. जाईल हळूहळू."

टायरचा साईज बदलला की मीटर लगेच तपासून घ्यावं. मीटरचं काम अर्ध्या दिवसात होतं.