कुठले दोन चाळीस?

माझी मुलगी पहाटे दोन वाजून चाळीस मिनिटांनी जन्मली, यावर कुणाचंच दुमत नाही. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर तेच आहे, नवऱ्याला तेच आठवतं, मलाही तेच आठवतं. घोळ एवढाच की त्या पहाटे अख्ख्या मेलबर्नमध्ये दोन चाळीस दोनदा वाजले होते.

इथे एप्रिलच्या पहिल्या रविवारी पहाटेचे तीन वाजले की घड्याळ एक तास मागे घेतात. तीनचे पुन्हा दोन. म्हणजे दोन ते तीन हा तास झाला की लगेच पुन्हा एकदा तोच तास. ऑक्टोबरात उलटं, तेव्हा एक तास गायबच. इतकी वर्षं राहूनही मला हा प्रकार पचलेला नाही. स्टुडंट व्हिसावर आले त्या वर्षी मी शिफ्टला तासभर आधी जाऊन बंद शटरसमोर कुडकुडत उभी होते, तेव्हापासून माझं याच्याशी वाकडं आहे. इथल्या लोकांचंही धड काही ठरलेलं नसतं. शेजारीण कुंपणावरून म्हणते, एक तास जास्त झोप मिळाली, मस्त. आणि आठवड्याभरात तीच, सहालाच अंधार होतो म्हणून कुरकुरते. देशाच्या उत्तर टोकाला, डार्विनला, एक मैत्रीण आहे, ती फोनवर नुसती हसते. त्यांच्याकडे ही थेरं नाहीतच.

त्या एप्रिलमध्ये मला मात्र घड्याळाकडे बघायला वेळ नव्हता. करोना नुकताच सुरू झाला होता. बाळंतपणाला आई येणार होती. तिचा व्हिसा झाला होता, डिंकाचे लाडू वळून झाले होते, इथल्या एअरपोर्टवर ते कसे दाखवायचे याची इंग्रजी वाक्यं तिने पाठ केली होती. आणि विमानं बंद झाली. बाबा गेल्यापासून ती पुण्यात एकटी. ती तिच्या फ्लॅटमध्ये कोंडलेली, आम्ही मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्लीत आमच्या. पहिलं बाळंतपण, आणि आई नाही. मी नवऱ्यावर सारखी ओरडायचे, कारण ओरडायला दुसरं कुणी नव्हतंच.

कळा सुरू झाल्या तेव्हा शनिवारची रात्र होती. हॉस्पिटलमध्ये माझ्यासोबत फक्त नवऱ्याला सोडलं. आत नेताना त्याने पुण्याला फोन लावला आणि माझ्या कानाला धरला. आई म्हणाली, "घाबरू नकोस. तुझी सुटका होईपर्यंत मी इथे जागी आहे." बस, एवढंच. मग फोन बॅगेत गेला.

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर आईने नात बघितली, रडून घेतलं, बाळाचं नाक कुणाचं यावर मत दिलं, आणि विचारलं, "वेळ काय गं नेमकी?"

"दोन चाळीस."

"म्हणजे इथले किती?"

नवरा सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हे असलं त्याच्याच खात्यात. तो ऐटीत म्हणाला, "नऊ वाजून दहा मिनिटं, आई. शनिवारी रात्री." मग त्याचा चेहरा पडला. "थांबा. घड्याळ मागे गेल्यानंतरचे दोन चाळीस असतील, तर दहा दहा."

"मग नंतरचे की आधीचे?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे.

तिथून जो गोंधळ सुरू झाला तो बारशाच्या आदल्या दिवसापर्यंत. आई रोज फोन करायची आणि बाळ दूध पितं का, शी झाली का, हे झालं की तिसरा प्रश्न तोच. मी धरून चालले की हे पत्रिकेसाठी आहे. गुरुजींनी तिला सांगितलं होतं की एका तासाने लग्नरास बदलू शकते, नक्की वेळ कळवा. मला वाटलं, बिचारीला बाळाला न्हाऊ घालता येत नाही, धुरी देता येत नाही, निदान पत्रिका तरी आपल्या हातून व्हावी असं वाटत असेल. म्हणून मीही शोधाला लागले.

नवऱ्याच्या फोनवर बाळाचा पहिला फोटो होता, दोन सत्तेचाळीसचा. पण फोनचं घड्याळ आपोआप मागे जातं, तेव्हा तो फोटोही तितकाच बिनकामाचा. आईला पाठवलेला मेसेज तिच्या फोनवर दहा पस्तीसला पोचला होता.

"मग सोपंय," मी म्हटलं. "तू मेसेज लगेच पाठवलास की तासाभराने?"

"लगेच."

"लगेच? मला टाके घालत होते तेव्हा तू बाळाला घेऊन कोपऱ्यात पुतळा होऊन बसला होतास. कितीतरी वेळ."

"हो, ते पण आहे," तो म्हणाला. "पाच मिनिटं असतील. किंवा तास असेल. मला खरंच काही कळत नव्हतं गं."

त्याने फ्रिजच्या दारावर मार्करने आकडे मांडले. सोमवारी उत्तर आलं आधीचे. मंगळवारी त्याच आकड्यांतून नंतरचे. मायक्रोवेव्हचं घड्याळ तर आठवडाभर कुणी बदललंच नाही, त्यामुळे दुधाची वेळ बघायला गेलं की मी आणखी चक्रावायचे. आता तीन तास झाले की दोन? बाळाला भूक लागली असेल की नसेल? बाळ आपलं हवं तेव्हा भोकाड पसरायचं, त्याला कुठलंच घड्याळ लागू नव्हतं.

मिडवाइफचा चौकशीचा फोन आला तेव्हा तिलाही विचारलं. ती म्हणाली, इथे दोन चाळीसच दिसतंय, आणि खरं सांगू का, त्या रात्री आम्ही सगळ्याच गोंधळलो होतो. बाळ छान आहे ना? मग नो वरीज. नो वरीज म्हणे. इथे जन्मदाखल्यावर वेळ लिहीतसुद्धा नाहीत. तारीख पुरे. मला इतका राग आला की मी फोन ठेवल्यावर उशीच फेकली, आणि मग टाके ओढले म्हणून रडत बसले.

एक गोष्ट मला आठवत होती, पण ती मी कुणाला ठासून सांगू शकत नव्हते. समोरच्या भिंतीवर डिजिटल घड्याळ होतं. त्यावर मी सव्वादोन बघितले. मग कळांवर कळा, कितीतरी, जीव नकोसा झाला. आणि पुन्हा वर बघितलं तर सव्वादोनच. मी नवऱ्याला म्हटलं, ते घड्याळ बंद पडलंय, कुणाला तरी सांग. तो म्हणतो मी असं काही बोललेच नाही, मी कळा सोसाव्यात म्हणून दिलेला गॅस ओढत होते आणि मराठी-इंग्रजी मिसळून वाट्टेल ते बरळत होते. असेल. पण तो तास माझ्या अंगावरून गेला, त्याच्या नव्हे.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी फोन आला. व्हिडिओ नाही, साधाच. नवरा पलंगावर बाळाचा डायपर बदलत होता. झोप नव्हती, डोकं भणभणत होतं, आणि आईने पुन्हा तेच काढलं.

"आई, पुरे," मी म्हटलं. "गुरुजींना सांग, हवं ते धरा. माझा पत्रिकेवर विश्वास नाही हे तुला चांगलं माहितेय."

मला वाटलं, आता ती रागावणार. रागावू दे, असंही वाटलं.

मग ती म्हणाली, "पत्रिकेचं मरू दे गं."

"मग काय?"

"मी तुला सांगितलं होतं ना, जागी राहीन म्हणून. देवापुढे निरांजन लावून बसले होते. साडेनऊपर्यंत पक्की जागी होते, बातम्यांचा आवाज येत होता शेजारचा. नंतर बसल्या बसल्या कधी डोळा लागला कळलंच नाही. उठले ती पहाटेच, तेव्हा मेसेज बघितला." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "नऊ दहा असतील तर मी जागी होते. दहा दहा असतील तर तू तिकडे एकटी तळमळत होतीस आणि मी इथे घोरत पडले होते. रोज हेच डोक्यात येतं. यायला जमलं नाही ते नाहीच, पण एवढं साधं जागं राहणंसुद्धा मला जमलं नाही का?"

इतके दिवस मी फोटो तपासले, मेसेज तपासले, लोकांशी भांडले, आणि ती का विचारतेय हे एकदाही तिला विचारलं नव्हतं.

"नऊ दहा," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. हॉस्पिटलमधून कळलं आत्ता. आधीचेच दोन चाळीस."

नवऱ्याने डायपर हातात तसाच धरून वळून बघितलं. तोंड उघडलं. मी डोळे मोठे केले, तसं त्याने ते मिटलं.

"मला वाटलंच," आई म्हणाली. पलीकडून नाक पुसल्याचा आवाज आला. "तेव्हाच मी घड्याळाकडे बघितलंही होतं." मग थोडा वेळ ती नुसतीच हं हं करत राहिली, स्वतःशीच. आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, तिने मला वेगळं काहीतरी विचारलं.

"खूप वेळ दुखलं का गं?"

घड्याळातले ते दोन्ही सव्वादोन माझ्या डोळ्यांसमोर लख्ख उभे होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज मी सरळ ठेवला.

"नाही गं आई," मी म्हटलं. "पटकन झालं."