कुंदाताईंचा राष्ट्रीय ठराव

देशाच्या आरोग्यव्यवस्थेला नवी दिशा देणारा ठराव एका दुपारी आमच्या महापालिकेच्या सभागृहात मंजूर झाला, असं म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही. ठरावाच्या पहिल्या ओळीत तसंच लिहिलं होतं. ती ओळ मी लिहिली होती. चिटणीस खात्यात तीस वर्षं काढल्यावर अशा ओळी चहा पिता पिता लिहिता येतात. ठराव मांडणाऱ्या नगरसेविका कुंदा मेस्त्री सहा आठवड्यांपूर्वी गेल्या. बातमी मला मुलुंडला घरी फोनवर आली. पक्षाच्या एका कार्यकर्त्याने पाठवलेल्या मजकुरात ‘आरोग्यक्रांतीची रणरागिणी’ असे शब्द होते. या रणरागिणीला अलीकडे दुसरा मजला चढताना मध्ये एकदा बसावं लागे, आणि बसल्या बसल्या त्या येणाऱ्याजाणाऱ्याला गोळ्या घेतल्या का ते विचारत...

कुंदाताईंचे वडील मालवणकडचे, गिरणीत होते. गिरणी गेल्यावर कांजूरमार्गला आले. कुंदाताई महापालिकेच्याच प्रसूतिगृहात परिचारिका होत्या. निवृत्त झाल्या आणि प्रभाग महिलांसाठी राखीव झाला, तेव्हा पक्षाला उमेदवार हवी होती. अर्ध्या वस्तीचा जन्म या बाईंच्या हातावर झालेला, त्यामुळे प्रचाराला फार फिरावं लागलं नाही. निवडून आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, “रेगे, मला भाषण येत नाही. काम कसं होतं ते सांगा.” नगरसेवकाने मला हा प्रश्न विचारण्याची ती पहिली वेळ होती. मी चहा मागवला.

त्यांचं काम एकच होतं. वस्तीतला दवाखाना दुपारी चारला बंद होई. बायका पवईच्या टॉवरांमध्ये घरकामाला जात आणि सहाला परतत. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या दवाखान्यात फुकट मिळत, पण त्या घ्यायला सुट्टी टाकावी लागे. मग बायका गोळ्याच सोडून देत. शेजारची पार्वती अशीच तीन महिने गोळ्यांशिवाय राहिली आणि एका सकाळी पवईत दुसऱ्याच्या ओट्यापाशी पडली. तिची उजवी बाजू गेली. “चुकी झाली असंच सगळे तिला सांगतात,” कुंदाताई म्हणाल्या. “मी घड्याळ बघितलं. चुकी दवाखान्याची हा.” दवाखान्याच्या डॉक्टरांशी त्या परस्पर बोलून आल्या होत्या. डॉक्टर डोंबिवलीहून येत. सकाळी नऊऐवजी दुपारी एकला येऊन रात्री आठला निघायला ते एका पायावर तयार होते.

एवढीशी गोष्ट त्यांनी सभागृहात मांडली आणि तिथे घात झाला. त्या खाली बसण्याआधीच बोरिवलीचे सदस्य उठले: माझ्याही प्रभागात हवं. मग घाटकोपर, मग अंधेरी. पाच मिनिटांत एका दवाखान्याच्या वेळेचं धोरण झालं. धोरण म्हणून ते समितीकडे गेलं आणि समितीकडे गेलं म्हणून ते राहिलं. वर्षभराने विचारलं तेव्हा अहवाल ‘विचाराधीन’ होता.

“मगे, आता दिल्लीला सांगू या,” एक दिवस त्या शांतपणे म्हणाल्या. मला वाटलं, बाई थकल्या. पण त्यांनी माझ्यापुढे दोन कागद ठेवले. केंद्राच्या विमा योजनेत रुग्ण दाखल झाल्याशिवाय कार्ड चालत नाही. बाहेरच्या उपचारांचा आणि औषधांचाही त्यात समावेश व्हावा, अशी ही महासभा केंद्र शासनाला शिफारस करते... ही मागणी त्यांना मनापासून हवी होती, हे नोंदवून ठेवतो. शेवटी एक छोटा परिच्छेद होता: तोपर्यंत, प्रायोगिक तत्त्वावर, उपलब्ध कर्मचाऱ्यांतच, कांजूरमार्गच्या दवाखान्याची वेळ दुपारी एक ते रात्री आठ करण्यात यावी. “पहिलं पान जड करा रेगे,” त्या म्हणाल्या. “एवढं जड, की दुसरं पान कोणी उचलू नये.”

मी मान राखला. पहिल्या पानावर राष्ट्र सात वेळा आलं.

चर्चा तीन तास चालली. सत्ताधाऱ्यांनी ठरावात केंद्राचं कौतुक पाहिलं, विरोधकांनी केंद्रावर टीका पाहिली, आणि दोन्ही बाजूंनी त्याला पाठिंबा दिला. एका सदस्याने परदेशांतल्या व्यवस्थांचा आढावा घेतला. तो त्यांनी सहकुटुंब दौऱ्यात घेतलेला होता. गटारांवर बोलताना ज्यांना मुद्दे सुचत नसत ते देशावर अस्खलित बोलले. मी वरच्या बाजूला वृत्तांत घेत होतो आणि माझं लक्ष एकाच माणसाकडे होतं. दिंडोशीकडचे एक जुने विरोधी सदस्य, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, प्रत्येक कागद शेवटच्या पानापासून वाचत. त्यांनी शेवटचं पान वाचलं. चष्मा काढला. कुंदाताईंकडे पाहिलं. कुंदाताई पर्स मांडीवर घट्ट धरून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. अप्पांनी नुसतं ‘माझ्याही प्रभागात’ म्हटलं असतं, तरी पार्वतीनंतरच्या बायका आणखी काही वर्षं समितीत गेल्या असत्या.

अप्पा उठले आणि वीस मिनिटं राष्ट्रावर बोलले. ठराव एकमताने मंजूर झाला.

नंतर व्हरांड्यात ते आमच्यापाशी थांबले. “काय गं कुंदा, मला आंधळा समजलीस?”

“नाय हो अप्पा. उठलात तेव्हा माझा जीव गेला ना.”

“पुढचा राष्ट्रीय ठराव मी मांडणार. शेवटच्या पानावर दिंडोशी. तेव्हा तू बोलायचंस, वीस मिनिटं.”

“वीस?” कुंदाताई म्हणाल्या. “रेगे, लिहून द्याल ना?”

प्रशासनाचा अभिप्राय दोन महिन्यांनी आला. पहिल्या पानाविषयी: बाब महापालिकेच्या अखत्यारीत नाही, सबब शासनाकडे पाठवली आहे. शेवटच्या परिच्छेदाविषयी: बाब अखत्यारीत आहे, खर्च नाही, सबब कार्यवाही करण्यात येत आहे. दिल्लीचं उत्तर मी निवृत्त होईपर्यंत तरी आलेलं नव्हतं. अप्पांचा ठराव मात्र आला. कुंदाताई त्यावर चार मिनिटं बोलल्या आणि घामाघूम होऊन खाली बसल्या.

गेल्या महिन्यात कांजूरमार्गच्या एका सभागृहात त्यांची शोकसभा झाली. त्यांनी दिल्लीला जाग आणली, असं तीन वक्त्यांनी सांगितलं. सभा संध्याकाळी सहाची होती आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. ज्या वस्तीसाठी ताई झिजल्या तिथल्या भगिनींनी पाठ फिरवावी, याबद्दल अध्यक्षांनी जड अंतःकरणाने खंत व्यक्त केली... परतताना मी दवाखान्यावरून गेलो. भगिनी तिथे होत्या, रांगेत. मंगळवार होता आणि मंगळवारी साखरेच्या गोळ्या देतात.