रविवारचे चार मिलिमीटर

गावातल्या पोस्टासमोरच्या फळ्यावर दर सोमवारी सकाळी आठवड्याचं हवामान लिहिलं जातं. लिहिणारा माणूस पाणीपुरवठा कचेरीत कारकून. गाव त्याला थेंबकाका म्हणतं, आणि ते त्याने स्वतःच ओढवून घेतलेलं आहे. "काल बराच पाऊस झाला, नाही?" असं कुणी सहज म्हणायचा अवकाश, की हा तिथल्या तिथे त्याचा तास घ्यायला उभा. "पाऊस म्हणजे कोणता? भुरभुर केसांवर बसते, पण खाली ओघळत नाही. रिपरिप दिवसभर पिच्छा सोडत नाही. सर आली तर एखाद्या दुकानाच्या छपराखाली थांबायचं, दहा मिनिटांत मोकळे. मुसळधार असला तर छत्री असून नसून सारखीच. आणि गारा पडल्या तर आधी डोकं सांभाळा, बाकीचं मागाहून विचारा." ऐकणाऱ्याला कामावर जायचं असतं, पण काकांना थांबवणार कोण?

घरात मात्र त्याचं काही चालत नाही. फळ्यावर 'कोरडा' लिहिलेल्या दिवशी बायको हमखास कपडे आत वाळत घालते. "तीस वर्षं संसार केलाय तुमच्याशी," एवढंच कारण ती देते. तो हसतो आणि दोरीचं दुसरं टोक धरतो.

कचेरीच्या आवारात पावसाचं मापक आहे. रोज सकाळी आठ वाजता त्यातलं पाणी काचेच्या नळीत ओतून मोजायचं आणि त्या दिवसाच्या तारखेखाली लिहायचं. म्हणजे रविवारच्या नावावर जो पाऊस लागतो, तो बहुतेक शनिवारीच पडून गेलेला असतो. मुख्य कचेरीकडून येणारा आठवड्याचा अंदाजही याच हिशेबाने येतो. थेंबकाका तो फळ्यावर उतरवताना प्रत्येक आकडा एक दिवस मागे घेत असे. इतकी वर्षं त्यात एकदाही गफलत झाली नव्हती.

त्या सोमवारी झाली. त्याला कारण लेक. ती रंगारी. इतके दिवस दुकानांच्या पाट्या आणि लोकांची फाटकं रंगवत होती. आता वाचनालयाची रस्त्याकडची अख्खी भिंत तिला मिळाली होती, चुन्याच्या रंगात मोठं चित्र काढायला. पण ग्रंथपालबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "ही भिंत जमली तर उरलेल्या तिन्ही तुझ्या. बिघडली तर बाहेरचा रंगारी बोलावणार." लेक फळ्याशी खडूचा डबा धरून उभी होती आणि बाप आनंदाने नुसता फुलून गेला होता. कागदावर होतं, 'रविवार, चार मिलिमीटर'. त्याने ते जसंच्या तसं रविवारखाली लिहून टाकलं.

"मग शनिवारी रंग लावू ना, बाबा? रविवारपर्यंत वाळेल."

"डोळे झाकून लाव!"

शुक्रवारपर्यंत तिने भिंत घासली, अस्तर दिलं. शनिवारी उजाडताच ती परांचीवर चढली. बाप नेहमीप्रमाणे आठला मापकाशी गेला. नळी कोरडी. त्याने वहीत शनिवारसमोर शून्य लिहिलं, आणि लिहिता लिहिताच त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हे शून्य कालचं होतं. मग रविवारसमोर लिहायचे चार मिलिमीटर आज पडणार होते!

वही तशीच उघडी टाकून तो वाचनालयाकडे धावत सुटला. वाटेत न्हाव्याने विचारलं, "काका, गारा येतायत का?" त्याला उत्तर द्यायलाही तो थांबला नाही.

लेकीची निम्मी भिंत रंगवून झाली होती. रुंद निळी नदी, तिच्यावर पूल.

"खाली ये," तो धापा टाकत म्हणाला. "चूक झाली माझी. दिवस मागे घ्यायचा राहिला. पाऊस आज आहे."

कुंचला हातात धरून ती तशीच बसली. बापाला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर ओरडणार, आणि दोन्ही आपल्याला भोगावं लागणार. तिने विचारलं भलतंच.

"कोणता पाऊस?"

"म्हणजे?"

"सर आली तर चुना धुऊन जाईल, मला आत्ताच थांबून ताडपत्री लावावी लागेल. ताडपत्रीने ओला रंग खरवडला जातो, निम्मी भिंत तशीही जाईल. भुरभुर असेल तर चुन्याला ती मानवते. सावकाश वाळला की घट्ट बसतो. कोणता ते तुम्ही सांगा."

चार मिलिमीटर दहा मिनिटांतही पडतात आणि सबंध संध्याकाळभरही. ते कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्याने वर पाहिलं. ढग सपाट, राखाडी, कुठे फुगवटा नाही, कड नाही. वारा जवळजवळ पडलेला. गावाला येता-जाता पावसाचे प्रकार ऐकवणं सोपं होतं. आज एकच सांगायचा होता.

"भुरभुर," तो शेवटी म्हणाला. "दुपारनंतर. सर नाही येणार."

"नक्की?"

"नक्की."

तिने कुंचला पुन्हा रंगात बुडवला. आभाळाकडे तिने मान वर करूनही पाहिलं नाही. बाप मात्र खाली परांचीचा पाय धरून, मान मोडेस्तोवर वर बघत राहिला. ग्रंथपालबाई दोनदा खिडकीतून डोकावून गेल्या.

तीनच्या सुमारास त्याच्या टकलावर काहीतरी बसलं. ओघळलं नाही. शेवटची कड रंगवून लेक खाली उतरली आणि दोघं छपराच्या वळचणीला उभी राहिली. संध्याकाळभर भुरभुर चालली. भिंतीवरून रंगाचा एक ओघळ खाली आला नाही, उलट नदीचा निळा रंग गडद होत गेला. त्याचा जीव भांड्यात पडला. ग्रंथपालबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "पुढची भिंत कधी घेतेस?"

दोघं घरी पोचली तेव्हा बायको दारातच उभी होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच आली होती.

"चुकीचा दिवस सांगितलात ना पोरीला? अहो, निदान तिच्या वेळी तरी!"

तो खाली मान घालून चपला काढू लागला. बोलली ती लेक.

"दिवस चुकला गं, आई. पाऊस त्यांनी बरोबर सांगितला."