तालचौरची वजनवाली

तालचौरच्या विमानतळावर पवित्रा रोकाया अठरा वर्षं वजनकाट्यापाशी बसली. विमानतळ कसला, डोंगर तासून काढलेली आखूड पट्टी, आणि पट्टी संपली की सरळ दरी. तिथे चार पोती जास्त झाली तर काय होईल, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. मंत्र्याचा मेहुणा आला तरी ती म्हणायची, "आधी काट्यावर चढा. दरीला ओळखपाळख कळत नाही." लोक चरफडायचे, हसायचे आणि चढायचे.

तपासणीला काठमांडूहून मेनुका ढुंगेल यायची. सरकारी निरीक्षक, ती नको म्हणाली तर विमान जागचं हलायचं नाही. दोघींचं असं जमलं, की एका दशैंच्या सणाला रीतसर टिळा लावून, साड्यांची अदलाबदल करून दोघी मितिनी झाल्या. मितिनी म्हणजे पाठच्या बहिणीहून जवळची. तिच्या घरी कुणी गेलं तर आपल्याही घरी सुतक.

मग पवित्राच्या विमान कंपनीचा नवा व्यवस्थापक आला, टेकेन्द्र शाही. सफरचंदांची पोती काट्यावर न घालताच मागच्या दाराने विमानात जाऊ लागली. पवित्रा भांडली, तर तो म्हणाला, "पायलट बोलत नाही, तुम्हाला कशाला पंचायत?"

तिने मेनुकाच्या खात्याला तक्रार लिहिली. तक्रारदाराचं नाव गुप्त राहील, असा नियमच होता. तरी तिने पत्र टपालात टाकलं नाही, मितिनीच्या हातात दिलं. मेनुकाने ते कपाळाला लावलं. "तुमचं नाव माझ्या तोंडून मेले तरी निघणार नाही," म्हणाली.

महिन्याभरात चौकशी झाली, मेनुकाच्या सहीने निकाल आला: वजनं नियमाप्रमाणे आहेत, तक्रार आकसातून केलेली आहे. टेकेन्द्रने पवित्राच्याच अक्षरातलं पत्र तिच्यापुढे टाकलं. "तुमच्या मितिनीनंच दिलंय हो. आता बसा घरी."

अहो, परक्याने गळा कापला तर माणूस निदान शिव्या तरी देतं! हिने कुणाला सांगायचं? शेवटी तारेच्या कुंपणाबाहेर तिने चहाचं दुकान टाकलं. चूल पेटवता पेटवता ती विमानात चढणारी पोती मोजायची. सवय जाते कुठे?

फागुनात मेनुका पुन्हा तपासणीला आली. येताना मान खाली घालून दुकानावरून गेली. परतीचं विमान भरायला लागलं, तेव्हा मात्र बॅग आत पाठवून ती कुंपणाशी आली. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "मितिनी, आज वजन बरोबर आहे का हो?"

पवित्राच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. बघा कमाल! जिने सही ठोकली, तिचाच सहीवर भरवसा नाही. 'तुमचाच कागद वाचा' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण आत सतरा माणसं बसली होती. एक बाळंतीण तर नुकतीच तिच्याकडे चहा पिऊन गेलेली.

"आठ पोती काट्यावर न चढताच आत गेलीत. दोनशे किलोच्या वर," ती म्हणाली. "थांबवा विमान. तुमचा एक शब्द पुरे आहे."

मेनुका लगबगीने विमानाकडे गेली. पवित्राला वाटलं, आहे, थोडी लाज शिल्लक आहे बाईला.

मेनुकाची बॅग खाली आली. "मला चक्कर येतेय, मी उद्या जाईन," असं तिने टेकेन्द्रला सांगितलं. आणि दार बंद झालं!

"अहो, थांबवा!" पवित्रा कुंपणाला धरून ओरडत सुटली. पंख्यांच्या घरघरीत कोण ऐकतंय? विमान पट्टीच्या टोकाला गेलं, दरीत बुडालं, आणि बऱ्याच वेळाने पलीकडच्या डोंगरापाशी वर आलं. तासाभराने सुखरूप पोचल्याचा फोन आला.

"बघा, पोचलं की," मेनुका कुंपणाशी येऊन म्हणाली. "उगीच घाबरवलंत."

"सतरा जण होते आत," पवित्रा म्हणाली. "एकालाही नाही सांगितलंत?"

मेनुका बॅग उचलून निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, विमान भरायला लागल्यावर, ती पुन्हा कुंपणाशी आली. आजचं वजन विचारायला.