सुखदेव गुरुजींचा महाप्राण

सुखदेव गुरुजींचे पुढचे दात त्यांच्या मुलीच्या लग्नात काठीने पाडले गेले.

आज सकाळी गुरुजी गेले. वयाने गेले. काठ्यांना ते जमलं नव्हतं.

एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. बाजारहत्नूरजवळचं आमचं गाव. गुरुजी शाळेत शिकवायचे. मी नुकताच संस्कृत पाठशाळेतून परतलेलो, म्हणजे गावातला सगळ्यात निरुपयोगी माणूस.

बौद्ध वंदनेच्या शेवटी सगळे म्हणतात, साधु, साधु, साधु. म्हणजे छान झालं.

गुरुजी म्हणायचे, 'सादू'.

मी टोकायचो. "गुरुजी, 'ध'. जीभ दातांना लावा, म्हणून तो दंत्य. वर जोराचा श्वास सोडा, म्हणून महाप्राण."

"पंडित, आमचा एवढा श्वास वावरातच सरते."

लग्नाच्या दिवशी त्यांनी लिंबावर भोंगा बांधला. पांढरे कपडे, हसणं, आणि गावभर साधु.

वरच्या आळीला ते झोंबलं. दिगांबर पाटील माणसं घेऊन आला.

"लय खुशी झाली का बे तुमाले?"

पहिली काठी भोंग्यावर. दुसरी नवरदेवाच्या भावाच्या डोक्यात. मग मांडवाचेच बांबू उपटून मारलं. भाताच्या पातेल्यात माती ओतली. एका म्हातारीचा हात मोडला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मलाही खांद्यावर एक बसली. ती चुकून बसली, असं नंतर घरी येऊन सांगण्यात आलं.

गुरुजी नवरीच्या पुढे उभे राहिले. प्रत्येक काठीला एकच शब्द.

"सादू."

"आमाले साधू म्हणून राह्यला का बे?"

आणि पाटलाने तोंडावरच घातली.

गुरुजी पडले. नवरीच्या पांढऱ्या साडीवर रक्त उडालं. पाटलाची माणसं परत निघाली. त्यांचं काम झालं होतं.

मातीत पडल्या पडल्या गुरुजी म्हणाले, "थांबले काऊन? लगन अर्धं हाये."

वंदना पुन्हा सुरू झाली. भोंगा नव्हता. फुटक्या ओठांनी सगळे एकदम ओरडले, साधु.

पाटील वळला. पण त्याची काठी तुटली होती, आणि लग्न लागलं होतं.

निर्मल शहरातल्या दवाखान्यात टाके पडले. सुजल्या तोंडाने गुरुजी मला म्हणाले,

"पंडित, तुमचा दंत्य गेला. महाप्राण हाये."

पुढच्या पौर्णिमेच्या वंदनेला त्यांनी नवा भोंगा आणला. आधीच्यापेक्षा मोठा. मला वाटलं, याचं तोंड पाटलाच्या वाड्याकडेच असणार.

"नाई," गुरुजी म्हणाले. "वस्तीकडं. आपल्यासाठी आणला, त्याइच्यासाठी थोडाच."

पाटलाला त्याचाही राग आला. आयुष्यभर येत राहिला. गुरुजींनी तो त्याच्याकडेच राहू दिला, आणि दर पौर्णिमेला भोंगा लावला.

दंत्य तेव्हाच गेला होता, गुरुजी. आज महाप्राणही गेला.

साधु.

साधु.

आणि तिसरा तुमच्यासारखा.

सादू.