बस म्हणजे पुरे

अमिरातीतल्या अल ऐनला मुलाकडे येऊन मला तीन वर्षं झाली. खरी हकिगत आता इथूनच लिहितो आहे.

शांतिसेनेच्या तुकडीबरोबर मी सुदानमध्ये सुभेदार होतो. एका रविवारी सकाळी सहाला मी आणि ड्रायव्हर नाईक बाळू शेलार खार्टूमहून नगा या ठिकाणची प्राचीन नुबियन देवळं पाहायला निघालो. पाचपर्यंत कॅम्पवर रिपोर्ट करायचं होतं.

देवळांवर पांढऱ्या फेट्याचा एक म्हातारा रखवालदार होता. त्याने बसवून चहा दिला, मग हिंडवलं. एका छोट्या देवळाच्या दारावर इजिप्तचे नाग, तर खिडक्यांना रोमन कमानी. समोरच्या देवळातला सिंहमुखी देव मात्र तिथल्या मातीतला. बाळूने उंबऱ्याशी बूट काढले.

"अरे, इथली पूजा कधीच बंद झाली."

"नरसिंह आहे साहेब. बूट घालून कसं जायचं?"

बाहेर येऊन बाळूने बूट चढवले, लेस नीट बांधल्या. दोन वाजता निघालो. दूर डोंगराकडे पाऊस दिसत होता. सकाळी कोरड्या असलेल्या ओढ्यात आता वीतभर पाणी होतं. रेडिओ वाजला.

"लोकेशन? ओव्हर."

"नगा. ईटीए सतरा शून्य शून्य. ओव्हर."

मागून रखवालदार हात उंचावून धावत आला. "बस! बस!"

बाळूने ब्रेक मारला. "साहेब, बस म्हणतोय."

"परत चहाला बसवेल. उशीर होतोय. चल."

बाळूने गाडी पाण्यात घातली. मध्यावर आलो आणि वरून लोंढा आला. गाडी कलंडली. बाळूने मला खिडकीतून बाहेर ढकललं. रखवालदाराने फेटा सोडून फेकला. त्याचं टोक माझ्या हाती लागलं. बाळूच्या हाती लागलं नाही.

चौकशीत मी लिहून दिलं: ड्रायव्हरचा अंदाज चुकला, कोणी इशारा दिला नाही.

आमच्या बिल्डिंगचा वॉचमन उस्मान सुदानचा आहे. गेल्या महिन्यात मी त्याला थर्मासमधून चहा ओतत होतो. त्याने तळहात वर केला. "बस, बस, बाबा." तोच हात, तोच शब्द. त्यांच्या अरबीतही बस म्हणजे पुरे. हिंदीतला बस मला ठाऊक होता, पण त्या दिवशी कानांनी मराठी ऐकलं, खाली बस म्हणतात तो बस. माझा कप तसाच राहिला. उस्मानने विचारलं, तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत बसला. त्याचे उपकार आहेत.

त्याच आठवड्यात युनिटला दुरुस्त जबाब पाठवला आणि शेलार वहिनींना फोन केला.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "साहेबाला विचारल्याशिवाय ते गिअरसुद्धा टाकत नव्हते. लिहून दिलंत, बरं झालं."

रखवालदाराचं नाव मी विचारलं नव्हतं. त्याच्यामुळे आणि बाळूमुळे मी नातवंडं पाहिली.

नाईक बाळू शेलार, ड्रायव्हर. त्याने गाडी थांबवली होती. पुढे नेण्याचा हुकूम माझा होता. तो दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या खालच्या अंगाला सापडला, पायात बूट, लेस व्यवस्थित बांधलेल्या.